पाण्यावरची बातमी

प्रभाकर वाघमारे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका घाटाच्या पायरीवर उभे राहून शाळेची घंटा वाजवत होते. पितळेची, लाकडी मुठीची, हातात धरून हलवायची घंटा. देवळातून, भांड्यांच्या दुकानातून, चहाच्या टपरीवरून पंचवीस निवृत्त माणसं एकेक करत परत येत होती. सगळे आल्यावर वाघमाऱ्यांनी डोकी मोजली, घंटेच्या लोलकाला रुमाल गुंडाळला आणि म्हणाले, "चार मिनिटं उशीर. असू दे, नदीला घाई नाही. मला आहे."

हे गाव पश्चिम बंगालमधलं कालना. माणसं मात्र सगळी पुण्याची होती. शनिवार पेठेतली एक छोटी प्रवासी कंपनी दर हिवाळ्यात दोनदा एक लहान जहाज भाड्याने घ्यायची. दोन मजले, चौदा खोल्या, वर एक मोकळा डेक. कोलकात्याहून निघून गंगेच्या उलट्या दिशेने पाटणा आणि तिथून गाडीने नालंदा, बोधगया, असे बारा दिवस. रोज कुठे ना कुठे काठाला लागायचं आणि देवळं, मशिदी, विणकरांची गावं, उत्खननं पाहून परत जहाजावर यायचं. स्वयंपाकाला आचारी पुण्याहून. त्यामुळे मुर्शिदाबादच्या नवाबांच्या कबरी पाहून आलेल्या लोकांना चार वाजता कांदेपोहे मिळत.

प्रवाशांपैकी बहुतेकांना मुलांनी पाठवलेलं असे. मुलगा कॅलिफोर्नियात, नाहीतर मुलगी-जावई हिंजवडीत. ज्यांनी आयुष्यात महाबळेश्वरच्या पलीकडे सहल केली नव्हती, ते गंगेवर डेकच्या खुर्चीत बसून एकमेकांना सांगत, "आम्ही नको म्हणत होतो हो. पण ऐकेल तर ना." एका दैनिकाची रविवार पुरवणी माझ्याकडे होती. पर्यटनाच्या पानासाठी मी कालन्याला जहाज गाठून त्या सफरीवर गेलो होतो.

वाघमारे या सफरीचे व्यवस्थापक. वय तेव्हा बावन्न. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. स्वतः बँकेत कारकून. बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वाघमाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मशीन माझ्यापेक्षा लवकर बेरीज करत होतं. भांडण कशाला?"

पहिल्या संध्याकाळी डेकवर ओळखी चालल्या होत्या. सहस्रबुद्धे नावाचे एक निवृत्त पाटबंधारे अभियंता होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "वाघमारे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

प्रश्न कशासाठी आहे हे डेकवरच्या प्रत्येकाला कळलं होतं.

"खडकीचे," वाघमारे म्हणाले.

"नाही, म्हणजे मूळचे?"

"दारूगोळ्याचे." आणि मग तितक्याच शांतपणे, "आम्ही बौद्ध. बाराव्या दिवशी बोधगया आहे, तेव्हा बाकीचं विचारा. आता सूचना तीन."

'सूचना तीन' हे त्यांचं रोजचं वाक्य. काठावर उतरण्याआधी ते तीन गोष्टी सांगत: काय बघायचं, काय विकत घ्यायचं नाही आणि परत कधी यायचं. चौथी सूचना मी कधी ऐकली नाही. फिरताना ते कायम सगळ्यांच्या मागे चालत. पुढे स्थानिक वाटाड्या असे. एका बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही प्रमुख ना, मग पुढे चला की." वाघमारे म्हणाले, "पुढे चाललो तर तुम्ही हरवलात हे मला कळणार कसं?"

काठावर ते स्वतःजवळ फोन ठेवत नसत. कंपनीचा मोबाइल उतरताना आचाऱ्याच्या हातात देत. लोकांनी नदीकाठ बघायला प्रवास केलाय, माझं फोनवरचं बोलणं ऐकायला नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय राजमहालच्या पुढे फोनला रेंज मिळणं बेभरवशाचं होतं. म्हणून प्रत्येक प्रवाशाच्या घरी एक छापील कागद जाई: काही निरोप असेल तर जहाजावर फोन करू नका, शनिवार पेठेतल्या कार्यालयात करा. कार्यालय निरोप पोहोचवेल.

सहस्रबुद्ध्यांचं आणि त्यांचं जमलं ते वाळूमुळे. गंगेत हिवाळ्यात पाणी उतरतं, वाळूचे पट्टे जागा बदलतात. पहिल्या दिवसापासून सहस्रबुद्धे रोज कठड्याला टेकून सांगत, "हे जहाज अडकणार. हा प्रवाहच सांगतोय." सातव्या दिवशी दुपारी जहाज खरोखरच अडकलं. प्रवासी घाबरले, काहींनी देवाचं नाव घेतलं. सहस्रबुद्धे मात्र खोलीतून स्वच्छ सदरा घालून आले.

"अडकलो की नाही?"

"अभिनंदन," वाघमारे म्हणाले. "आता निघणार कधी तेही सांगा."

"संध्याकाळपर्यंत. डावीकडून पाणी चढतंय."

जहाज साडेपाचला सुटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी वाघमारे त्यांच्याकडे जाऊन विचारत, "आज काय म्हणतोय प्रवाह?" आणि सहस्रबुद्ध्यांनी पुन्हा कधी मूळ गाव विचारलं नाही.

बोधगयेला मात्र वाघमाऱ्यांनी काहीच सांगितलं नाही. तीन सूचना दिल्या आणि चपला हातात घेऊन निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, इथलं काही सांगणार नाही का?"

"पाऊण तास मीही प्रवासी आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते सगळ्यांच्या पुढे चालत गेले.

त्याच सफरीत मला त्यांचा नियम कळला.

शनिवार पेठेतल्या लेलेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच आल्या होत्या. आठव्या दिवशी दुपारी वाघमाऱ्यांना कार्यालयाकडून निरोप मिळाला: लेलेबाईंचे थोरले भाऊ नागपुरात वारले. संध्याकाळी डेकवर गाण्याचा कार्यक्रम होता. लेलेबाईंनी एक जुनं भावगीत म्हटलं, लोकांनी आग्रह करून दुसरं म्हणायला लावलं. वाघमारे शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज कहलगावला लागलं. न्याहारी झाल्यावर त्यांनी बाईंना घाटावर एका बाकावर बसवलं आणि सांगितलं. पलीकडे गाडी उभी होती. भागलपूरहून आरक्षण झालेलं होतं. सोबत जायला जहाजावरची एक मुलगी तयार होती.

लेलेबाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"म्हणजे मी गात होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"गाणं बरं झालं का?"

"पहिलं चांगलं झालं. दुसऱ्याला आवाज लागला नाही."

लेलेबाई हसल्या आणि त्यानंतर रडल्या. गाडीत बसताना त्यांनी वाघमाऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता.

मी त्यांना विचारलं, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? थोडं खोचक विचारलं होतं. ते रागावले नाहीत.

"पाण्यावर माणसाला जाता येत नाही, येता येत नाही. भोवती पंचवीस अनोळखी माणसं. बातमी सांगून मी त्याला नुसता कोंडून ठेवणार. म्हणून मेल्याची बातमी काठ येईपर्यंत थांबते. काठ म्हणजे जिथून गाडी मिळते तो." मग त्यांनी बोट वर केलं. "पण आजाऱ्याची बातमी थांबत नाही. माणूस जिवंत असेल तर त्याच मिनिटाला सांगायचं. जहाज थांबवायचं, मासेमाराची होडी बोलवायची, पण त्याला उतरवायचं."

असं त्यांनी एकदा केलंही होतं. एका गृहस्थांच्या मुलीचं अचानक ऑपरेशन ठरलं होतं. भर प्रवाहात जहाज थांबवून वाघमाऱ्यांनी त्यांना होडीतून काठावर नेलं, चिखलातून स्टेशनपर्यंत चालत पोहोचवलं. त्या वेळचा आचारी वेगळा होता. माझ्या सफरीत होते ते धायरीचे तुकाराम, त्यांचं ते पहिलंच वर्ष.

पुण्याला आल्यावर मी लेख लिहिला. शीर्षक, छायाचित्र, पाचशे शब्द. वाघमाऱ्यांचा नियम एका चौकटीत टाकला होता. शनिवारी दुपारी हिंजवडीकडच्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात आली. त्या काळात अशा जाहिराती शनिवारीच येत आणि नाही म्हणता येत नसे. पान पुन्हा लावावं लागलं. चौकटीच्या दोन ओळी जास्त होत होत्या. शेवटच्या दोन ओळी मी काढल्या. माणूस जिवंत असेल तर बातमी थांबत नाही, हे त्या दोन ओळींत होतं.

सोमवारी वाघमाऱ्यांचा फोन आला.

"छान आलंय. मंडळी खूश आहेत. चौकटीतलं थोडं राहिलं वाटतं."

"जागा नव्हती," मी म्हणालो.

"असू दे. मला माहीत आहे ना."

कुसुमताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, मी त्यानंतर भेटलो. त्या खडकीतच एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. घाटावरची ती घंटा त्यांच्याच शाळेतली. शाळेत विजेची घंटा बसली तेव्हा जुनी त्यांनी मागून घेतली होती. मूलबाळ नव्हतं. घरी गेलं की टेबलावर नकाशांचं पुस्तक आणि रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक दिसे. सफरीचा कार्यक्रम वाघमारे आखत आणि कुसुमताई तपासत.

"अहो, भागलपूरला साडेनऊला पोहोचून दहाला विक्रमशिला कसं दाखवाल? अंतर बघा की."

"गेली आहेस का तू तिकडे?"

"गेले नाही म्हणून तर बरोबर सांगते. तुम्ही गेलात की चहा प्यायला थांबता."

त्या खरंच कधी गेल्या नव्हत्या. सफरीत व्यवस्थापकाच्या घरच्यांना जागा नसे. वाघमाऱ्यांची स्वतःची झोपायची सोय आचाऱ्याबरोबर होती. वस्तीतल्या बायका रेल्वेने बोधगयेला निघाल्या तेव्हा त्यांनी कुसुमताईंना तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "नुसतं पोहोचायचं असतं तर गेलेच असते. मला ह्यांच्या नदीवरून जायचंय." मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. येत्या नोव्हेंबरच्या सफरीत त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची पाच नंबरची खोली वाघमाऱ्यांनी राखून ठेवली होती.

ती नोव्हेंबरची सफर आली नाही. त्याआधीच्या जानेवारीत जे घडलं ते मी नंतर तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं: आचारी तुकाराम, कार्यालयातली पल्लवी आणि कुसुमताईंची धाकटी बहीण मंदा. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

मंगळवारी सकाळी शाळेत फळ्यावर लिहिताना कुसुमताई कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी शुद्ध आली. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण समजत सगळं होतं. मंदा म्हणाली, भावजींना फोन लावते. कुसुमताईंनी मान हलवली. जहाजावर फोन करायचा नाही, कार्यालयात करायचा. सगळ्यांना जो नियम तो आपल्याला.

मंदाने कार्यालयात फोन केला. पल्लवी तिथे पाच महिन्यांपूर्वी लागली होती. बावीस वर्षांची, कामसू. फोनमागच्या भिंतीवर माझ्या लेखातली चौकट कातरून, प्लास्टिकमध्ये घालून लावलेली होती. नव्या माणसाला कामाची पद्धत समजावी म्हणून मालकांनीच ती लावली होती. पल्लवीने त्यातलं वाक्य वाचलं होतं: वाईट बातमी पाण्यावर सांगायची नाही, काठ येईपर्यंत थांबायचं. काठ म्हणजे विमान मिळेल ते गाव, असं धरून सफरीच्या कागदावर तिने विमानतळ कुठे आहे ते पाहिलं. पाटणा. पाटण्याला जहाज बुधवारी रात्री पोहोचणार होतं.

तिने कंपनीच्या मोबाइलवर फोन केला. जहाज सुलतानगंजला नांगर टाकून होतं. वाघमारे प्रवाशांना घेऊन समोरच्या खडकावरचं देऊळ दाखवायला गेले होते. फोन तुकारामांनी घेतला.

तुकारामांनी मला सांगितलं ते असं: "मी इचारलं, ताई हायेत ना अजून? ती म्हनली, हायेत, पण सीरियस हायेत. मी म्हनलं, मग सांगतो की सायबांना, हे काय समोरच दिसत्यात, घंटा घेऊन उभे हायेत. ती म्हनली, नको काका, साहेबांचाच नियम आहे, पाटण्याला सांगायचं. मी तिकीट काढून ठेवते. म्हनली, छापलेलं आहे. आता छापलेल्यापुढं मी काय बोलनार? मी सही करन्यापुरता शिकलेला मानूस."

सुलतानगंजला रेल्वे स्टेशन आहे. घाटापासून दोन किलोमीटर.

वाघमारे परत आले, डोकी मोजली, फोन घेतला. जहाज निघालं आणि रेंज गेली. त्या दिवशी तुकारामांनी त्यांना आवडतं म्हणून भरलं वांगं केलं. वाघमारे म्हणाले, "आज काय विशेष?" बुधवारी सकाळी जहाज मुंगेरच्या पुढे वाळूत अडकलं आणि रात्रभर अडकून राहिलं. वाघमाऱ्यांनी प्रवाशांना वाळूवर उतरवलं, पाण्यात उसळणारे सूस, म्हणजे गंगेतले डॉल्फिन, दाखवले, एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस होता म्हणून शिरा करायला लावला. तुकाराम शिरा ढवळत होते. "तीनदा त्यांच्या मागं जाऊन उभा राह्यलो," ते म्हणाले. "तीनदा परत आलो. एकदा त्यांनी इचारलंसुद्धा, काय तुकाराम, साखर संपली का?"

पुण्यात मंदाने बुधवारी कार्यालयात पुन्हा फोन केला. पल्लवी म्हणाली, निरोप जहाजावर पोहोचला आहे. मंगळवारीही ती तेच म्हणाली होती. दोन्ही वेळा ती खोटं बोलली नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता कुसुमताई गेल्या. जहाज गुरुवारी संध्याकाळी पाटण्याला लागलं.

उतरताना फोन नेहमीप्रमाणे तुकारामांच्या हातात आला आणि त्यावर पल्लवीने कुसुमताई गेल्याचं कळवलं. तुकारामांनी घाटाच्या पायऱ्यांवर सांगितलं. वाघमाऱ्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी काय कळलं?"

"आजारी हायेत म्हून."

वाघमारे पायरीवर बसले. थोड्या वेळाने उठून त्यांनी घंटा आणि प्रवाशांची यादी जहाजाच्या मॅनेजरकडे दिली. दुसऱ्या दिवशीच्या तीन सूचना त्याला हिंदीत समजावल्या, कारण लोकांना सकाळी नालंदाला न्यायचं होतं. मग पल्लवीने तारीख बदलून घेतलेलं तिकीट घेऊन निघाले. "शिवी दिली असती तरी चाललं असतं," तुकाराम मला म्हणाले. "जाताना म्हनले, रात्रीचा स्वयंपाक लावून टाक, लोकं दमलीत." शुक्रवारी दुपारी ते खडकीत पोहोचले. अंत्यविधी त्यांच्यासाठी थांबवला होता.

मी शहराबाहेर होतो. आठ दिवसांनी कळल्यावर आधी कार्यालयात गेलो, चौकशीसाठी. पल्लवी माझ्याकडे पाहून उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. "सर, मी नियमाप्रमाणेच केलं," ती म्हणाली आणि मागच्या भिंतीकडे हात केला. मी ती चौकट वाचली. खाली माझं नाव होतं.

पल्लवीला मी तिथेच सांगितलं की चूक तिची नाही. तिला ते पटलं असं दिसलं नाही.

खडकीला मी त्याच दुपारी गेलो. दार वाघमाऱ्यांनी उघडलं. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. मंदा आतून पाणी घेऊन आली. मी त्यांना सांगितलं: त्या दोन ओळी जाहिरातीमुळे कापल्या गेल्या. मग ते वाक्य दुरुस्त केलं: मी कापल्या.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी फोन केला होता तुम्हाला."

"तुम्ही म्हणालात, असू दे."

"म्हणालो होतो." ते खिडकीकडे बघत राहिले. "तेव्हा वाटलं, मला माहीत आहे तेवढं पुरे. मी जहाजावर असताना नियम माझ्यासाठी लागला तर तो वापरणार कोण, हे डोक्यात आलं नाही. चूक वाटून घेऊ आपण."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. रुग्णालयाच्या औषधांच्या चिठ्ठीची मागची बाजू. अक्षर मंदाचं, मजकूर कुसुमताईंचा. मंगळवारी दुपारपासून त्या मंदाला सांगत होत्या आणि ती लिहीत होती.

मंगळवार दुपारी ३, ह्यांना कळलं. ४, सुलतानगंज स्टेशन. संध्याकाळी ६, गाडी. रात्री ११, पाटणा. बुधवार सकाळी, विमान, दिल्ली. दुपारी, दिल्लीहून पुणे. संध्याकाळी ७, लोहगाव. ८, इथे.

"अंगात ताप होता तरी अंतरं विचारत होती," मंदा दारातून म्हणाली. "म्हणायची, आता ते गाडीत बसले. आता पाटण्याला चहा पीत असतील. बुधवारी सातला मला म्हणाली, केस विंचर. साडी नीट कर. आठला दाराकडे तोंड करून बसवायला लावलं. नऊ वाजले, दहा वाजले. मी म्हटलं, ताई, झोप आता. तर माझ्या हातातली पेन्सिल घेतली."

आठच्या खाली आणखी एक ओळ होती. ती मंदाच्या अक्षरात नव्हती. डाव्या हाताने लिहिलेली, वाकडी, एक अक्षर दुसऱ्यावर चढलेलं: 'दिल्लीला धुकं असेल'.

वाघमारे म्हणाले, "वरचं सगळं मी तपासलंय. गाड्या बरोबर, विमानं बरोबर. कुठेही चहाला जागा ठेवलेली नाही. फक्त शेवटची ओळ मला तपासता येत नाही. तुमच्याकडे जुने अंक असतात. त्या बुधवारी दिल्लीला धुकं होतं का, एवढं बघून सांगाल?"

"सांगतो."

"जे असेल ते सगळं सांगा. काही कापू नका."

एवढ्या दिवसांत मला लागेल असं त्यांनी उच्चारलेलं ते एकच वाक्य. तेही त्यांनी नेहमीच्या आवाजात उच्चारलं.

मी कचेरीत जाऊन अंक काढले. गुरुवारचा आमचा अंक, दिल्लीहून निघणारी दोन वर्तमानपत्रं. विमान कंपनीत ओळखीचा एक अधिकारी होता, त्यालाही विचारलं. त्या आठवड्यात सोमवारी आणि शुक्रवारी दाट धुकं होतं. बुधवारी आकाश निरभ्र होतं. पाटण्याहून दिल्लीला आणि दिल्लीहून पुण्याला जाणारं विमान वेळेवर सुटलं. पुण्याचं सात मिनिटं लवकर उतरलं. वाघमारे आठच्या आधी पोहोचले असते. त्यांच्याकडे पंधरा तास असते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खडकीला गेलो. तो कागद टेबलावरच होता, शेजारी टोक केलेली पेन्सिल. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सात मिनिटं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. सांगून झाल्यावर चष्मा लावला, पेन्सिल उचलली आणि शेवटच्या ओळीवर टेकवली. कार्यक्रमाच्या कागदावरची चुकीची माहिती ते नेहमी अशीच खोडत, एका सरळ रेघेने.

पेन्सिल तिथेच राहिली. मग त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तिने लिहिलंय."

मी निघालो. जिन्याच्या वळणावरून मागे पाहिलं तेव्हा दार उघडंच होतं. वाघमारे खुर्चीत बसलेले होते. कागद डोळ्यांजवळ धरून ते ती एकच ओळ वाचत होते, एखाद्या लहान मुलाचं गिचमिड अक्षर लावावं तशी, एकेका अक्षरावर थांबत.